चाचणीचा निकाल आणि मालकाची साक्ष

अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकलींची तुलनात्मक चाचणी मासिकात छापून आली की ती वाचणाऱ्यांत काहींना गाडी घ्यायची असते आणि काहींनी ती आधीच घेतलेली असते. घेणारा निकाल शोधतो. घेतलेला आपल्या गाडीला न्याय मिळाला की नाही हे पाहतो, आणि बहुतेक वेळा मिळाला नाही असेच त्याला वाटते. मासिकाने तिसऱ्या क्रमांकावर बसवलेली गाडी वापरणारे पुढच्या वेळीही तिचीच नवी आवृत्ती घेतात. पहिली आलेली गाडी मात्र शोरूममध्ये उभी राहते, असेही घडते. स्कूटरच्या किंवा रोजच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांच्या बाबतीत हा विरोध एवढा तीव्र दिसत नाही. अ‍ॅडव्हेंचर गाड्यांच्या बाबतीत तो का दिसतो हे समजायला या प्रकाराच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

२६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून डाकारकडे पहिली रॅली निघाली. मोटरसायकल गटात सिरिल नेव्हो यामाहा एक्सटी ५०० वर जिंकला. दोन वर्षांनी, १९८० मध्ये, बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस बाजारात आणली. नावातली अक्षरे 'रान' आणि 'रस्ता' या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांची होती. सुमारे ८०० सीसीचे आडवे जुळे सिलिंडर, ५० अश्वशक्ती, चेनऐवजी शाफ्ट आणि मागच्या चाकाला एकाच बाजूचा आधार अशी ती रचना होती. रानात चालणारी गाडी म्हणजे हलकी, एका सिलिंडरची, असे तोवर सगळे धरून चालत, त्यामुळे ही गाडी त्या मापात बसत नव्हती. पण १९८१ मध्ये ह्यूबर्ट ओरिओल बीएमडब्ल्यूवर डाकार जिंकला, आणि १९८३ ते १९८५ अशी सलग तीन वर्षे हीच कंपनी जिंकली. १९८६ ते १९८९ ही चार वर्षे होंडाच्या एनएक्सआर ७५० ने घेतली. त्या विजयांच्या भरात १९८८ मध्ये होंडाची पहिली आफ्रिका ट्विन ग्राहकांपर्यंत आली.

म्हणजे हा प्रकार ग्राहकाच्या गरजेपेक्षा वाळवंटाच्या प्रतिमेतून वाढला. घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी सहारा पाहिला असेल. पण गाडी घेताना प्रत्येकाच्या मनात तसा एखादा रस्ता असतोच. इकडे तो स्पितीचा असतो, लडाखचा असतो, निदान पावसाळ्यातल्या वरंध घाटाचा तरी असतो. मासिक गाडीला जोखते ते तिने दिलेल्या वचनावर, आणि मालक जोखतो ते तिच्याबरोबर प्रत्यक्ष घडलेल्या प्रवासावर. दोघांच्या मतभेदाचे पहिले मूळ इथे आहे.

तुलनात्मक चाचणीचे खरे बळ एकाच गोष्टीत असते: तेच चालक, तोच रस्ता, तोच दिवस. चार-पाच गाड्या एकत्र निघतात आणि दर शंभर किलोमीटरला चालक गाड्या बदलतात. घाटात एकीवरून उतरून लगेच दुसरीवर बसले की ब्रेकचा चावा, क्लचचा जडपणा, सीटचा उतार यांतले बारीक फरकही अंगाला जाणवतात. एकच गाडी पाच वर्षे चालवणाऱ्याला हे फरक कळायला मार्गच नसतो. त्याच्या हाताला तोच क्लच 'नेहमीचा' झालेला असतो. याशिवाय मोजमाप असते. टाकी भरून केलेले वजन, मागच्या चाकाला प्रत्यक्ष मिळणारी शक्ती, शंभरच्या वेगावरून थांबायला लागणारे अंतर आणि सामानासह पडणारे अ‍ॅव्हरेज मोजले जाते. कंपनीच्या माहितीपत्रकातले आकडे कुणीतरी स्वतंत्रपणे तपासणे ही मोठी सेवा आहे आणि मोटर पत्रकारितेने ती अनेक दशके केली आहे.

या पद्धतीला सर्वांत शिस्तीचे रूप जर्मनीत स्टुटगार्टहून निघणाऱ्या 'मोटोराड' या मासिकाने दिले. त्याच्या चाचणीत गाडीला एकूण १००० पैकी गुण मिळतात. इंजिन, चेसिस आणि रोजचा वापर यांना प्रत्येकी २५०, सुरक्षिततेला १५० आणि खर्चाला १०० अशी त्याची वाटणी आहे. प्रत्येक गटात उपविभाग असतात आणि गुण का कापले हे वाचकाला कळते. पण या तक्त्याकडे नीट पाहिले की क्रमवारी कुठे ठरते तेही कळते: ती गुणांच्या वाटणीत ठरते. खर्चाचे १०० गुण २५० केले तर महागडी गाडी खाली येईल. पिलियन बसवण्याच्या सोयीचे गुण काढून ते वाळूतल्या वर्तनाला दिले तर हलकी गाडी वर जाईल. पहिल्या दोघींत दहा-पंधरा गुणांचाच फरक उरला असेल तेव्हा 'विजेती' हा शब्द गाडीबद्दल जितके सांगतो तितकेच वाटणी ठरवणाऱ्या संपादकांबद्दल सांगतो. गाडी घेणाऱ्याने शेवटची बेरीज झाकून ठेवावी आणि आपल्याला लागणारे रकाने तेवढे वाचावेत. त्याच पानांचा खरा उपयोग तेव्हा होतो.

चाचणीच्या काही उणिवा मात्र कितीही शिस्त पाळली तरी जात नाहीत. गाडी नवी असते, बहुधा कंपनीनेच दिलेली आणि नीट जुळवलेली असते. चाचणी काही दिवसांत आटोपते. तेवढ्यात चेन सैल पडत नाही, शॉकअपचे ऑइल गळत नाही, पावसाळा उलटून नटांवर गंज चढत नाही, स्पेअर पार्टसाठी महिनाभर थांबावे लागत नाही. मासिकांचे चालक मुरलेले असतात. त्यांना ८५५ मिलिमीटर उंचीची सीट अडत नाही, पण सव्वापाच फुटांच्या माणसाला उतारावर, चिखलात, मागे सामान असताना एक पाय टेकवायचा असतो तेव्हा तोच आकडा बाकी सगळ्या गुणांवर मात करतो. जाहिरातींचा प्रश्नही खोटा नाही. ज्या कंपन्यांच्या गाड्या तपासायच्या त्याच मासिकाला जाहिराती देतात आणि नव्या गाडीच्या अनावरणासाठी पत्रकारांना स्वखर्चाने नेतात. यातून सहसा धडधडीत खोटे लिहिले जात नाही, पण टीकेची धार कमी होते. 'इंजिन थरथरते' याऐवजी 'इंजिनाला स्वतःचे व्यक्तिमत्त्व आहे' असे वाक्य येते.

याहून कमी बोलला जाणारा दोष म्हणजे नावीन्याचा. दर आठवड्याला नव्या गाडीवर बसणाऱ्याला वेगळेपणाची चटक लागते. जोरदार पिकअप, नवा रंगीत डिस्प्ले, इलेक्ट्रॉनिक्सचे नवे मोड त्याला चटकन भावतात. वर्षानुवर्षे एकच गाडी ठेवणाऱ्याला मात्र हवे असते ते तिने रोज सकाळी कालच्यासारखेच वागणे. हा गुण आठ दिवसांच्या चाचणीत दिसत नाही.

मालकाच्या निष्ठेत खरे ज्ञान असते आणि स्वतःचा बचावही असतो. बचावाचा भाग मानसशास्त्राने बराच आधी उलगडला. जॅक ब्रेम यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी स्त्रियांना घरगुती उपकरणांना पसंतीचे गुण द्यायला सांगितले आणि मग दोनांपैकी एक निवडू दिले. निवडीनंतर पुन्हा गुण मागितले तेव्हा निवडलेली वस्तू अधिक चांगली आणि नाकारलेली अधिक वाईट ठरू लागली. वस्तू बदलली नव्हती, निवड तेवढी झाली होती. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मनातल्या विसंगतीतून येणाऱ्या अस्वस्थतेचा सिद्धांत मांडला. त्याच वर्षी नव्या मोटारींच्या मालकांवरचा एक अभ्यास आला आणि तो या विषयाच्या अगदी जवळचा आहे. गाडी घेऊन झाल्यावर हे मालक सगळ्यात जास्त जाहिराती वाचत होते त्या स्वतः घेतलेल्या गाडीच्या. ज्या गाड्यांचा विचार करून त्यांनी त्या सोडल्या होत्या, त्यांच्या जाहिराती ते टाळत होते असे मात्र दिसले नाही. खरेदी संपल्यावर जाहिरात वाचण्यात व्यवहाराचा काही लाभ नसतो. आपण चुकलो नाही एवढेच तिथे शोधायचे असते. तुलनात्मक चाचणी नेमकी त्याच दुखऱ्या जागी बोट ठेवते.

अ‍ॅडव्हेंचर गाडीत हा बंध आणखी घट्ट होतो, कारण मालक ती तयार स्वरूपात वापरत नाही. क्रॅश गार्ड, इंजिनाखालची बॅशप्लेट, हँडगार्ड, सामानाच्या पेट्या, उंच काच, जादा दिवे असे एकेक जोडत तो ती गाडी आपल्या मापाची करतो. नॉर्टन, मोचॉन आणि अ‍ॅरिएली यांनी २०१२ मध्ये दाखवले की माणूस ज्या वस्तूच्या जोडणीत स्वतःचे हात घालतो तिची किंमत त्याला जास्त वाटते. मासिकातल्या गाडीवर यातले काहीच नसते. त्यामुळे 'ही माझी गाडीच नव्हे' हे मालकाचे म्हणणे शब्दशः खरेही असते.

निष्ठेला समूहाचीही जोड असते. हार्ले-डेव्हिडसनने १९८३ मध्ये मालकांची संघटना काढली. शूटन आणि मॅकअलेक्झांडर या संशोधकांनी हार्लेस्वारांमध्ये राहून केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला, आणि २००१ मध्ये म्यूनिझ व ओगिन यांनी एका ब्रँडभोवती जमणाऱ्या समुदायाची लक्षणे मांडली: 'आपण' आणि 'ते' ही जाणीव, सामायिक विधी, एकमेकांना मदत करण्याची नैतिक बांधिलकी. यातली शेवटची बाब हलकी समजण्यासारखी नाही. रात्री अनोळखी गावात बंद पडलेल्या गाडीसाठी त्याच गाडीचा दुसरा मालक क्लचची केबल घेऊन येतो, तेव्हा ती मदत त्या गाडीचा एक खरा गुण ठरते. तो गुण कुठल्याच तक्त्यात नसतो.

निष्ठा आणि बिघाड यांचा संबंध किती सैल असू शकतो हे अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २०१५ मध्ये दाखवले. अकरा हजारांहून अधिक वाचकांनी सुमारे १२,३०० मोटरसायकलींची माहिती दिली. चौथ्या वर्षापर्यंत बिघाड होण्याचे अंदाजित प्रमाण यामाहात ११ टक्के, व्हिक्टरीत १७, हार्लेत २६, डुकाटीत ३३ आणि बीएमडब्ल्यूत ४० टक्के निघाले. 'हीच गाडी पुन्हा नक्की घ्याल का?' या प्रश्नाला मात्र सर्वाधिक होकार व्हिक्टरीच्या मालकांनी दिला, ८० टक्के. त्यानंतर हार्ले ७२ टक्क्यांवर आणि होंडा ७० टक्क्यांवर होती. सर्वांत कमी बिघडणारी यामाहा पहिल्या तिघांत नव्हती. या आकड्यांवरून मालक आंधळे असतात असे म्हणणे घाईचे होईल. जी गाडी लांब पल्ल्याला जास्त धावते, जिच्यावर विजेची उपकरणे जास्त असतात, तिच्यात मोडणाऱ्या वस्तूही जास्त असतात. शिवाय आराम, आवाज, ऐट, सोबत यांसाठी माणूस गॅरेजच्या दोन फेऱ्या सोसायला तयार असतो. तो हिशेब त्याचा स्वतःचा आहे आणि त्याने तो डोळसपणे केला असेल तर त्यात चूक काही नाही. समाधान हा विश्वासार्हतेचा पुरावा मानणे ही खरी चूक. व्हिक्टरीबद्दल आणखी एक नोंद हवी: जानेवारी २०१७ मध्ये पोलारिस कंपनीने हा ब्रँड बंद केला. मालकांची सर्वाधिक पसंतीसुद्धा ब्रँड टिकवायला पुरली नाही.

बीएमडब्ल्यूच्या जीएस मालिकेत सगळा वाद एकवटलेला दिसतो. मोठ्या अ‍ॅडव्हेंचर गाड्यांच्या चाचण्यांत कधी केटीएम, कधी डुकाटीची मल्टिस्ट्राडा तिच्या पुढे गेली आहे. जर्मनीतल्या विक्रीच्या यादीत मात्र जीएस वर्षानुवर्षे सर्वांत वर राहिली, आणि २०२३ मध्ये बॉक्सर इंजिनाची दहा लाखावी जीएस बर्लिनच्या कारखान्यातून बाहेर पडली. यात प्रतिमेचा वाटा मोठा आहे. अभिनेते इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन यांनी २००४ मध्ये लंडन ते न्यूयॉर्क असा पूर्वेकडून प्रवास केला, तेव्हा केटीएमने गाड्या द्यायला नकार दिला होता आणि ते आर ११५० जीएस अ‍ॅडव्हेंचरवर निघाले. त्या प्रवासाच्या दूरचित्रवाणी मालिकेने या गाडीचे जेवढे नाव केले तेवढे कुठल्या चाचणीने केले नसेल. मंगोलियात कॅमेरामनच्या गाडीची चौकट मोडली आणि त्याला तिथे मिळालेली छोटी रशियन मोटरसायकल काही काळ चालवावी लागली, हेही प्रेक्षकांनी पाहिले, तरीही नाव झाले ते जीएसचेच.

पण केवळ प्रतिमेने दहा लाख गाड्या विकल्या जात नाहीत. आडव्या सिलिंडरांमुळे वजन खाली राहते, त्यामुळे २३७ किलोची आर १३०० जीएस कमी वेगात तेवढी जड वाटत नाही. शाफ्टमुळे हजार किलोमीटरच्या दिवसानंतर चेनला तेल घालत बसावे लागत नाही. युरोपभर सर्व्हिसिंग मिळते. जुनी गाडी विकताना भाव चांगला येतो. शेवटच्या दोन गोष्टी तर अशा की त्या मालकालाच कळतात, आणि पैशाचा हिशेब करणाऱ्याला त्या पन्नास गुणांहून मोलाच्या वाटतील.

भारतात हा प्रश्न वेगळ्या पातळीवर उभा राहिला. २०११ मध्ये हिरोने आणलेली १५० सीसीची इम्पल्स फार चालली नाही. मार्च २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन आली: ४११ सीसी, २४.५ अश्वशक्ती, पुढे २१ इंची चाक, १५ लिटरची टाकी, ८०० मिलिमीटर उंचीची सीट. परीक्षणांनी शॉकअपचे आणि बसण्याच्या पद्धतीचे कौतुक केले, आणि हायवेवर इंजिन कमी पडते हेही सांगितले. पहिल्या तुकड्यांतल्या बिघाडांच्या तक्रारी उघडपणे झाल्या. जानेवारी २०२० मध्ये चाकणला बनणारी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर २.९९ लाखांना आली तेव्हा ४३ अश्वशक्ती आणि आधुनिक इलेक्ट्रॉनिक्स यांच्या बळावर कागदावरची तुलना एकतर्फी झाली. हिमालयनचे मालक तरीही हलले नाहीत. ते हट्टी होते असे म्हणून हे सुटत नाही. त्यांचा प्रश्नच वेगळा होता. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी पाटी वर्षानुवर्षे उभी होती. तिच्यासमोर उभ्या असलेल्या रायडरला लागते ते चढावर, सामानासह पडणारे अ‍ॅव्हरेज, कमी फेऱ्यांत ओढणारे इंजिन, टेकणारे पाय आणि छोट्या गावातला मेकॅनिक ज्याला हात लावेल अशी रचना.

ट्यूबचा वादही याच जातीचा आहे. त्या हिमालयनच्या तारांच्या चाकात ट्यूब असायची. ती पंक्चर झाली की चाक काढावे लागे, आणि परीक्षणांनी हा दोष वारंवार नोंदवला. ३९० अ‍ॅडव्हेंचरची ट्यूबलेस चाके रस्त्यावर निःसंशय सोयीची होती. मालकांचे उत्तर असे की दगडावर आपटून तारांचे चाक वाकले तरी गाडी चालवता येते, आणि ट्यूबला पॅच लावणारा कुठल्याही गावच्या नाक्यावर सापडतो. दोन्ही म्हणणी खरी आहेत. पुणे-मुंबई हायवेवर पहिले जास्त खरे, झांस्करच्या वाटेवर दुसरे.

हिमालयनच्या इंजिनाबाबत मात्र मालकांच्या निष्ठेपेक्षा परीक्षकांची टीका ग्राहकाच्या अधिक कामी आली हेही मान्य करायला हवे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात वागातोरला भरलेल्या रॉयल एनफील्डच्या मेळाव्यात नवी हिमालयन सादर झाली ती ४५२ सीसीची, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची आणि ४० अश्वशक्तीची. जुन्या गाडीवर सात वर्षे जे लिहिले जात होते, त्यातल्या मुख्य मुद्द्याला हे उत्तर होते. सगळे मालक 'हिला एवढी शक्ती पुरते' असेच म्हणत राहिले असते तर हा बदल व्हायला आणखी उशीर झाला असता. पण सीट फक्त २५ मिलिमीटरने वाढली आणि पुढचे चाक २१ इंचीच राहिले. मालक ज्यासाठी भांडत होते तेही कंपनीने ऐकले होते.

मालकाची साक्ष वाचताना काही पथ्ये पाळावी लागतात. 'सर्वोत्तम' या त्याच्या शब्दाला फारसे वजन देऊ नये, कारण दुसरी गाडी त्याने एखाद्या टेस्ट राइडपुरतीच चालवलेली असते. किती किलोमीटरला क्लच प्लेट गेली, पार्ट किती दिवसांत आला, बिल किती झाले, हे तो सांगतो तेव्हा त्याच्याइतका जाणकार कुणी नसतो. गाडी घेऊन तीन महिने झालेल्या मालकापेक्षा तीन वर्षे झालेल्याचे ऐकावे. ज्यांनी वैतागून ती विकली ते मालकांच्या मेळाव्यात येत नाहीत, म्हणून तिथले एकमत नेहमी जरा जास्तच गोड असते. विकलेल्याला शोधून विचारणे हा सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा मार्ग आहे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच वेळी बाळगणाऱ्याची साक्ष चाचणीच्या जवळ जाते.

कंपनीचे पुढे काय होणार, हे मात्र मालकाला कळत नाही आणि मासिकालाही नाही. २००१ पासून २०१९ पर्यंत झालेली प्रत्येक डाकार जिंकणारी केटीएम नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि बजाजला पैसा ओतून तिला सावरावे लागले. त्या महिन्यांत जगभरच्या केटीएम मालकांना पडलेला प्रश्न एकच होता, पार्ट मिळत राहतील का?

दोन्ही साक्षी जवळ आणण्याचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न दीर्घ चाचणीत दिसतो. भारतातली मासिके एखादी गाडी काही महिने किंवा वर्षभर ठेवून घेतात आणि तिच्या सर्व्हिसिंगचा, बिघाडांचा हिशेब अधूनमधून छापतात. 'मोटोराड' ती ५०,००० किलोमीटर चालवते. उन्हात, पावसात, वेगवेगळ्या चालकांच्या हाती फिरल्यावर गाडीचे इंजिन पूर्ण उघडले जाते, पिस्टन, व्हॉल्व्ह, बेअरिंग टेबलावर मांडली जातात आणि झीज मोजली जाते. त्याच लेखात त्या गाडीच्या मालक-वाचकांचे अनुभवही छापतात: कुणाची गाडी तीस हजारांवर पोचलेली असते, कुणाची ऐंशी हजारांवर, आणि कुठला भाग कधी गेला हे ते स्वतः लिहितात. मासिकाच्या गाडीत जे मोडले तेच मालकांच्याही गाड्यांत मोडले आहे का, हे वाचकाला तिथे एकाच पानावर ताडून पाहता येते.